नववा ते तेरावा : पंचवटीतले पाच दिवस

बाबा गेल्यानंतरचे दिवस घरात मोजले जातात ते तारखेने नाही, आकड्याने. तिसरा, पाचवा, नववा. पुण्यातल्या बऱ्याच घरांतून नवव्या दिवशी सकाळी नाशिकला निघायचं आणि तेराव्याला परतायचं, असा बेत ठरतो. अस्थिविसर्जन, दहावा, अकरावा, बारावा आणि तेरावा हे सगळं गोदेच्या काठी एका ठिकाणी होतं. या पाच दिवसांत गडबड इतकी असते की ज्यांच्यासाठी आलो ते बाबाच मागे पडतात. तसं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक विधीत त्यांच्यासाठी जागा ठेवलेली आहे, ती कुठे आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

निघण्यापूर्वी दिवस नीट मोजून घ्यावेत. मृत्यू मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी झाला असेल तर दाखल्यावरची तारीख आणि पंचांगाचा दिवस यांत फरक पडू शकतो. मग नाशिकला खोली एका दिवसाची आणि गुरुजी दुसऱ्या दिवसाचे, असा घोळ होतो. गुरुजींना फोनवर तारखेबरोबर वेळही सांगावी आणि पहिला दिवस कोणता धरायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

नववा दिवस

पुण्याहून नाशिक साधारण २१० किलोमीटर. सकाळी सहाच्या आत निघालं तर चाकणची कारखान्यांची गर्दी लागायच्या आधी पुढे सरकता येतं. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा रस्ता. मध्ये आईसाठी दोनदा थांबायचं धरलं तर पाच ते सहा तास लागतात. घरी एक जण मागे राहिलाच पाहिजे. बाबांना जिथे ठेवलं होतं त्या जागी पिठावर लावलेला दिवा तेवत ठेवायचा असतो, आणि नवव्या-दहाव्यालाही भेटायला येणारी माणसं असतातच.

सामानात सर्वांत जपायच्या वस्तू दोन. पहिली अस्थींची. स्मशानात अस्थी वेचताना त्यांवर दूध-पाणी शिंपडलेलं असतं. तशाच ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर आठवड्यात वास येतो, बुरशी धरते. पहिल्याच दिवशी सावलीत कोरड्या करून सुती कापडात बांधाव्यात आणि मग मडक्यात ठेवाव्यात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर धातूचा सांधा जळत नाही, तो अस्थींतून आधीच वेगळा काढावा. तो नदीत जाता कामा नये. मडकं डिकीत ठेवू नये. चंदनापुरीच्या घाटात एका वळणाला कलंडतं आणि फुटतं. टोपलीत जुनी चादर खाली घालून, मांडीवर धरून न्यावं. काही घरांत वाटेवरचं मोठं गाव आलं की बाबांना सांगतात, "बाबा, संगमनेर आलं." ज्या घरात बाबा गाडी चालवताना प्रत्येक गावाचं नाव मोठ्याने घ्यायचे, तिथे हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे जीवखडा, म्हणजेच अश्मा. स्मशानात मडक्याला भोक पाडलेला तो दगड दहाव्यापर्यंत सांभाळायचा असतो, तिलांजली त्याच्यावरच द्यायची असते. दिसायला साधा खडा. कुणी तरी पिशवी झटकते आणि तो हरवतो. लाल कापडात बांधून, चिठ्ठी लावून मुलाच्या स्वतःच्या बॅगेत ठेवावा.

खोली पंचवटीतच घ्यावी, घाटापासून चालत पाच-सात मिनिटांवर. फोनवर सांगून ठेवावं, की क्रियेची मंडळी आहेत, सुतक आहे. तळमजला मागावा, गरम पाण्याची सोय विचारावी. दिवसातून तीन-तीनदा अंघोळ होते, धोतर-पंचे सारखे ओले होतात. सुती धोतरं दोन, पंचे तीन, दोरी आणि ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या पिशव्या एवढं मुलाच्या सामानात हवंच.

अस्थिविसर्जन दहा दिवसांच्या आत व्हावं असा संकेत आहे, म्हणून ते नवव्या दिवशी दुपारीच उरकतात. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" असं. पूर्वेकडे वाहणारी ही नदी पंचवटीतल्या रामकुंडापाशी दक्षिणेला वळते, आणि दक्षिण ही पितरांची दिशा. रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधलं, पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. कुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थीही इथे सोडल्या होत्या, शेजारचा गांधी तलाव त्या आठवणीचा.

विधी अर्ध्या-पाऊण तासाचा. अस्थींना पंचगव्याचं स्नान, मग दूध, मध, तूप, तीळ. संकल्पात बाबांचं नाव आणि गोत्र येतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. मग पाण्यात उतरायचं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. मुलाने एका हाताने कठड्याची साखळी धरावी आणि दुसऱ्या हाताने अस्थी सोडाव्यात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल तर कुंड दिसतसुद्धा नाही. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं असा. तेव्हा सगळे विधी वरच्या अंगाला सरकतात. पाण्यात उतरायचा हट्ट धरू नये. मडकं, कापड, हार पाण्यात टाकायचे नाहीत, काठावर निर्माल्याची सोय असते. २०२७ च्या सिंहस्थात इथे गर्दी प्रचंड असणार, तेव्हा स्नानाच्या मुख्य तारखा टाळूनच बेत आखावा.

आईला काठावर बसायला घडीचं स्टूल न्यावं. शेवटची मूठ तिच्या हातून सोडायची असेल तर गुरुजींना आधी सांगावं. त्यात अडचण काहीच नाही. मुलगा नसेल तर क्रियेचा अधिकार पत्नीला आहे, हे शास्त्रातच आहे. मुलीही करतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीत स्त्रिया स्वतः पौरोहित्यही करतात. घाटावर ऐनवेळी वाद नको, एवढ्यासाठी आदल्या दिवशी फोन.

दहावा दिवस

आज लवकर. सात वाजता घाटावर.

साहित्य बहुतेक वेळा गुरुजीच आणतात, पण काय येणार आणि काय नाही हे विचारून घ्यावं. काळे तीळ पाव किलो, जवाचं पीठ अर्धा किलो, तांदूळ एक किलो, दर्भ, मध, तूप, दूध, पत्रावळी, द्रोण. दक्षिणेचंही आत्ताच बोलावं. पाचही दिवसांची मिळून किती, त्यात साहित्य, दानाच्या वस्तू आणि ब्राह्मणभोजन धरलंय का, हे स्पष्ट करून घ्यावं. दुःखात पैशाचं बोलायला जीव होत नाही आणि बाराव्याला मन कडवट होतं. त्यापेक्षा घरातल्या जावयाने किंवा पुतण्याने हे काम अंगावर घ्यावं.

आधी क्षौर, म्हणजे मुंडण. मग स्नान, आणि ओलेत्याने दक्षिणेकडे तोंड करून बसणं. जानवं उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य. जानवं नसेल तर उपरणं तसंच घ्यायचं. पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून, ते पितृतीर्थ.

रोजचे पिंड घरी दिले नसतील तर दहाही पिंड आज एकदम देतात. एकेका पिंडाने गेलेल्या माणसाचं शरीर पुन्हा घडतं अशी ही कल्पना. पहिल्या पिंडाने मस्तक तयार होतं आणि दहाव्याने तहान-भूक. पिंड साधारण कवठाएवढे. भात मऊ शिजवावा, मीठ घालू नये. फडफडीत भाताचा पिंड हातात फुटतो, फार ओला झाला तर बोटांना चिकटतो. तीळ, मध, तूप घालून तळव्यावर दाबत वळला की टिकतो.

सारखा कानावर पडणारा एक शब्द आईला टोचतो. संकल्पात दर वेळी बाबांच्या नावापुढे "प्रेत" येतं. कुणी आधी सांगितलेलं नसतं. प्र आणि इत, म्हणजे पुढे गेलेला. त्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. भुताखेताचा अर्थ लोकांनी मागाहून जोडला. हे आदल्या रात्रीच आईला सांगून ठेवावं.

यानंतर कावळ्याचा पिंड. इथे पत्रावळीवर जे वाढायचं ते बाबांच्या आवडीचं. गुरुजी वरण-भात, वडा, खीर सांगतात, ते असतंच, पण त्याच्या शेजारी घरचं हवं. पिठलं-भाकरी, ठेचा, एखाद्याला बटाटेवडा, आणि चहा. चहा हमखास असतो. सून टपरीवरून कप आणते, ठेवायला वाकते, आणि तेवढ्यात आई म्हणते, "साखर घाल गं अजून. दोन चमचे लागायची त्यांना. डॉक्टरांनी बंद केली होती, पण आता घाल." मग पुडीतून साखर येते, चमचा नसतो, काडीने ढवळली जाते. घाटावर त्या वेळी शेजारी दहा कुटुंबं बसलेली असतात, आणि प्रत्येकाच्या पत्रावळीकडे बघितलं तर त्या माणसाचं अर्धं आयुष्य कळतं.

कावळा का शिवत नाही याची कारणं बहुधा साधी असतात. अकरा वाजल्यानंतर घाटावर इतके पिंड मांडलेले असतात की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. माणसं पत्रावळीभोवती कोंडाळं करतात, कुणी मोबाइल धरून उभं राहतं, कुत्री फिरत असतात. म्हणून साडेआठ-नवाला पत्रावळ मांडावी, जवळ द्रोणात पाणी ठेवावं आणि सगळ्यांनी पंधरा-वीस पावलं मागे जाऊन गप्प उभं राहावं.

तरीही शिवला नाही, तर माणसं बोलायला लागतात. "आईला आम्ही सांभाळू." "गावचं घर विकणार नाही." "धाकटीचं शिक्षण पुरं करू." हे बोलणं मोलाचं आहे. आयुष्यभर बाबा ज्याची काळजी करत राहिले ते इथे एकेकाच्या तोंडून, सगळ्यांसमोर येतं. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. जे करणार नाही ते केवळ कावळ्यासाठी कबूल करू नये. आणि "काय राहिलं असेल त्यांचं?" असं म्हणत आईकडे बघू नये. अर्धा-पाऊण तास वाट पाहून गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. विधी तेवढ्यानेच पुरा होतो, काही उणं राहत नाही.

शेवटी सगळ्यांची तिलांजली, आणि जीवखडा गंगेत.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची. दहाव्याला आईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं असले प्रकार घाटावर एखादी लांबची नातेवाईक बाई पुढे होऊन करते. पिंडदानात, तिलांजलीत, संकल्पात याची गरज कुठेच पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आईच्या अंगावर जे आहे ते तिचं आहे. ठेवायचं की काढायचं, कधी, घरी की कुठे, हे ती ठरवेल. आज तिच्या दोन्ही बाजूंना मुलगी आणि सून बसलेल्या असाव्यात.

संध्याकाळ मोकळी असते. खोलीवर कुणी गरुडपुराण वाचतं, वाचावं. पण तासभर बाबांसाठी काढावा. वही-पेन घेऊन नातवंडांपैकी कुणी तरी लिहावं आणि आईने, काकांनी सांगावं. जन्म कुठे झाला, शाळा कोणती, पहिली नोकरी कधी आणि पगार किती, कोणत्या भाड्याच्या खोलीत संसार सुरू झाला, पहिली सायकल, पहिलं कर्ज. काकांना आज जे आठवतं ते पाच वर्षांनी आठवेलच असं नाही. बाबांच्या मोबाइलमधले आवाजाचे संदेश दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत आणि त्या नंबरचा रिचार्ज चालू ठेवावा. काही महिने रिचार्ज नसेल तर नंबर बंद होतो, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात.

अकरावा दिवस

सुतक संपलं. पंचगव्य घेऊन शुद्ध व्हायचं आणि दिवसभर बसायचं. एकट्या बाबांसाठीचं एकोद्दिष्ट श्राद्ध, प्रतीकरूपाने वृषोत्सर्ग म्हणजे वळू सोडणं, वर्षभराची सोळा मासिकं म्हणजे मासिक श्राद्धं. शरीराला सर्वांत जड जातो तो हाच दिवस. मुलगा चार-पाच तास मांडी घालून बसतो. मधुमेह असेल तर गुरुजींना सांगून मध्ये फळ-दूध घ्यावं.

दानांची यादी ठरलेली आहे: गाय, जमीन, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी, मीठ. गाय आणि जमीन यांच्याऐवजी द्रव्य देतात. शिवाय छत्री, काठी, पादत्राणं, अंथरूण. घाटाजवळच्या दुकानांतून यांचे तयार संच मिळतात, पण त्यातली छत्री पहिल्या पावसात मोडते आणि चपला कुणाच्या पायाला होत नाहीत. दोन वस्तू कमी घ्याव्यात, पण ज्याला द्यायच्या त्याच्या मापाच्या, वापरता येतील अशा घ्याव्यात. बाबा नवी चप्पल घेताना टाच वाकवून बघणारे असतील, तर त्यांच्या नावाने दिलेली चप्पल तशी बघूनच घ्यावी.

बारावा दिवस

आज सपिंडीकरण, म्हणजे बाबांना त्यांच्या पूर्वजांत मिळवणं. पाच दिवसांतला हा सर्वांत मोलाचा भाग, आणि बहुतेक घरांत तो मोबाइल बघण्यात निघून जातो. मुलांना समोर बसवावं.

पाटावर तीन गोल पिंड असतात, बाबांच्या वडिलांचा, आजोबांचा आणि पणजोबांचा. त्यांच्याजवळ एक लांबट पिंड, तो बाबांचा. गुरुजी मुलाच्या हाताने त्या लांबट पिंडाचे दर्भाने तीन सारखे भाग करवतात. मग एकेक भाग एकेका गोल पिंडात घालून, दाबून एकजीव करायचा. मुलाच्या नात्याने पहिला आजोबांत, दुसरा पणजोबांत, तिसरा खापरपणजोबांत. हातावर भात, तीळ आणि तूप. दोन-तीन मिनिटांत लांबट पिंड दिसेनासा होतो आणि पाटावर तीनच उरतात. यानंतरच्या संकल्पात "प्रेत" हा शब्द येत नाही. पितरांची रूपं अशी: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. मुलगा पहिल्यांदा आपल्या वडिलांचं नाव घेऊन "वसुरूप" म्हणतो. आईचं लक्ष त्या वेळी तिकडे असावं, कुणी तरी तिला हळूच सांगावं, की आता ते आपल्या वडिलांपाशी गेले.

इथे अडतं ते नावांवर. बाबांच्या पणजोबांचं नाव मुलांपैकी कुणालाच येत नाही. निघण्यापूर्वी गावाकडच्या सर्वांत वयस्कर माणसाला फोन करून तीन पिढ्या लिहून घ्याव्यात. तिथेही मिळाली नाहीत तर दुसरी जागा नाशिकमध्येच आहे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवणाऱ्या उपाध्यांच्या. खरं तर हे काम बाराव्यापर्यंत न ठेवता दहाव्याच्या दुपारीच करावं.

क्रिया करणारे गुरुजी आणि घराण्याचे तीर्थोपाध्याय हे अनेकदा वेगळे असतात. वहीत शोध लागतो तो मूळ गाव आणि आडनाव यांवरून. "आम्ही चिंचवडचे" असं सांगून काही सापडत नाही. चार पिढ्यांपूर्वी घराणं कुठून निघालं, ते गाव कोणत्या तालुक्यात, आधी आडनाव वेगळं होतं का, हे सांगावं लागतं. लांब, अरुंद वह्या, कापडात गुंडाळलेल्या. जुनी पानं मोडीत. उपाध्ये ती सरसर वाचतात, आपण मध्ये थांबवून नावं उतरवून घ्यावीत. पानाचा फोटो त्यांना विचारूनच काढावा.

आणि कधी कधी त्या वहीत बाबा सापडतात. आजोबांच्या अस्थी घेऊन ते इथे आले होते तेव्हाची नोंद. निळी शाई, ओळ थोडी वर चढलेली, खाली तारीख आणि सही. बाबांची ती सही पुढे गुणपत्रिकांवर, चेकवर, गॅसच्या पुस्तकावर सगळ्यांनी पाहिलेली असते. इथली मात्र तरुण वयातली असते, अक्षरं सुटी सुटी, नाव पूर्ण लिहिलेलं. आई चष्मा पुसून घेते आणि बोटाने ती ओळ हवेतच गिरवते, पानाला बोट लावत नाही. त्या नोंदीत तिचं स्वतःचं नाव असतं, आणि तेव्हा जन्मलेल्या एकाच मुलाचं.

त्याच्या खाली आता मुलाने लिहायचं. घाईत लिहू नये. मजकूर आधी कागदावर तयार करावा: बाबांचं पूर्ण नाव, मृत्यूची तिथी आणि तारीख, आईचं नाव माहेरच्या नावासकट, सगळ्या मुलांची नावं वयाच्या क्रमाने, सुना, जावई, नातवंडं, सध्याचं गाव. मुलींची नावं जुन्या नोंदींत बऱ्याचदा गाळलेली असतात, आता ती घालावीत, आणि सहीसुद्धा त्यांनी करावी. जेल पेनची शाई दमट हवेत फुटते, साधं बॉलपेन बरं. अक्षर सुवाच्य हवं, कारण पुढचं वाचणारं माणूस आपल्याला ओळखत नसेल.

तेरावा दिवस

पाथेय श्राद्ध आज. पाथेय म्हणजे वाटेची शिदोरी. मग उदकशांत, म्हणजे मंत्रांनी पाणी भारण्याची शांत, तिचं पाणी बाटलीत भरून घरी न्यायचं, सगळ्या खोल्यांत शिंपडायला. गोड जेवण होतं, मुलाला सासरचे टोपी-कपडे करतात. सुतक फिटल्यामुळे काळारामाचं आणि कपालेश्वराचं दर्शन घेता येतं. कपालेश्वरासमोर नंदी नाही, नातवंडं हमखास विचारतात. ही गोष्ट बाबा रंगवून सांगत असतील तर ती आज दुसऱ्या कुणी तरी सांगायची.

दुपारी दोनपर्यंत निघालं तर दिवस मावळायच्या सुमाराला आळेफाटा मागे पडतो, आणि चाकणला उशीर होतोच.

घरी गेल्यावर दोन कामं लगेच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. रुग्णालयाने कळवलं असेल तरी नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिलंय ना, ते महापालिकेत जाऊन बघावं आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्यातली बाबांची तिथी शोधून तिच्याभोवती पेनाने गोल करावा. तारीख नाही, तिथी. त्या चौकोनात आई सांगेल तो स्वयंपाक लिहून ठेवावा.